टेम्प्लरांच्या खजिन्याचा सातबारा

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत, नोव्हा स्कोशिया प्रांतात, ओक आयलंड नावाचं जेमतेम १४० एकरांचं बेट आहे. २०१४ पासून एक टीव्ही मालिका तिथे खड्डे खणते आहे आणि तिचे तुकडे यूट्यूबवर फिरत आपल्याकडच्या मोबाइलपर्यंतही येतात. त्यांतून सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप देशभरातल्या टेम्प्लर नाइटांना, म्हणजे एका लढवय्या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या माणसांना, एकाच पहाटे पकडतो. पण त्याआधीच त्यांची अठरा जहाजं ला रोशेल बंदरातून निसटलेली असतात. त्यांत होली ग्रेल, म्हणजे येशूने शेवटच्या भोजनात वापरलेला प्याला, आणि जेरुसलेमहून आणलेले आणखी काही पवित्र अवशेष असतात. जहाजं स्कॉटलंडला लागतात. तिथलं सिंक्लेअर घराणं हा ठेवा नव्वद वर्षं सांभाळतं आणि १३९८ मध्ये हेन्री सिंक्लेअर तो अटलांटिकपलीकडे नेऊन पुरतो. कोलंबसच्या चक्क ९४ वर्षं आधी.

गोष्ट झकास आहे. खरी आहे का, हे बघायला इतिहासाची पदवी लागत नाही, जमिनीचा व्यवहार केलेला असला तरी पुरे. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे एवढ्यावर कोणी इसार देत नाही. मागचे फेरफार काढतो. जमीन याच्याकडे वारसाने आली की खरेदीने, ज्याच्याकडून आली त्याच्याकडे ती कधी आली, नोंद कोणी मंजूर केली, हे सगळं बघतो. मधला एक फेरफार गायब असला की वकील म्हणतो, थांबा. पवित्र अवशेषांबाबत इतिहासकार हेच करतात. वस्तू कोणाकडून कोणाकडे, कधी, कशी गेली या साखळीला ते प्रॉव्हेनन्स म्हणतात. आपण फेरफारच म्हणू.

वरच्या गोष्टीत असे किमान पाच फेरफार आहेत. अवशेष टेम्प्लरांकडे आले, तिथून जहाजांवर गेले, जहाजांवरून सिंक्लेअरकडे, सिंक्लेअरबरोबर अमेरिकेला आणि शेवटी जमिनीत. प्रत्येक टप्पा खरा असण्याची शक्यता उदार मनाने निम्मी धरली, तरी पाचही खरे असण्याची शक्यता बत्तिसात एक, म्हणजे तीन टक्के होते. आणि निम्मी शक्यता खरंच धरता येते का, ते आता एकेक टप्पा उघडून बघू.

टेम्प्लरांकडे नेमकं काय होतं?

टेम्प्लर हे लढणारे संन्यासी. ११२० च्या आसपास जेरुसलेममध्ये यात्रेकरूंच्या संरक्षणासाठी हा संघ सुरू झाला आणि ११२९ च्या त्रुआच्या धर्मसभेत त्याला मान्यता मिळाली. युरोपभर दान मिळालेल्या जमिनी, त्यांवरचं उत्पन्न आणि पैशांची देवघेव यांवर त्याचा डोलारा उभा होता. १२९१ मध्ये आक्रे शहर पडलं, पवित्र भूमीतला त्यांचा पाय निघाला आणि मुख्यालय सायप्रसला गेलं.

पवित्र अवशेष म्हणजे संतांचं हाड, कपडा, किंवा येशूच्या क्रूसाची समजली जाणारी लाकडाची कपची. टेम्प्लरांकडे असे अवशेष होते, यात वाद नाही. त्यांतला नावाजलेला म्हणजे संत युफेमियाचं शिर. ते पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या आथलितच्या किल्ल्यात होतं, तिथून सायप्रसला आलं आणि संघ बरखास्त झाल्यावर हॉस्पिटलर या दुसऱ्या संघाकडे गेलं. १३१२ मध्ये पोपने टेम्प्लरांची मालमत्ता हॉस्पिटलरांच्या नावावर केली, त्याच ओघात. फेरफार अगदी नियमाप्रमाणे.

ग्रेलचं काय? तो प्रथम दिसतो तो बाराव्या शतकाच्या शेवटी, क्रेतियाँ द त्रुआ या फ्रेंच कवीच्या अपुऱ्या राहिलेल्या काव्यात. पुढे १२१० च्या सुमाराला वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीने त्याभोवती टेम्प्लरांसारखे वाटणारे रक्षक उभे केले. टेम्प्लर आणि ग्रेल यांची जोडी जमली ती काव्यात. खटल्यात नाही. आणि हा खटला साधा नव्हता. १३०७ ते १३१२ या काळात फिलिपच्या माणसांनी टेम्प्लरांवर जे सुचेल ते आरोप ठेवले: क्रूसावर थुंकणं, मूर्तीच्या डोक्याची पूजा, अनैतिक चाळे. छळ करून कबुलीजबाब घेतले. पॅरिसमध्ये पहिल्या फेरीत जबाब झालेल्या १३८ जणांपैकी १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं. इतकं सगळं वदवून घेणाऱ्यांनी ग्रेलबद्दल एक प्रश्नही विचारला नाही.

अटकेच्या दिवशीच्या जप्तीच्या याद्याही आहेत. त्या वाचल्या तर खजिन्याची हौस फिटते. गाई, मेंढ्या, डुकरं, नांगर, धान्य, दारूचे पिंप, प्रार्थनाघरातली भांडी. फ्रान्समधले बहुतेक टेम्प्लर शेतीवाडी बघणारे होते, बरेचसे म्हातारे होते. लढाऊ माणसं सायप्रसला होती.

“इतकी पवित्र वस्तू ते यादीत कशाला लिहितील? लपवलीच असणार!”

हा आक्षेप नेहमी येतो आणि ऐकताना पटतोही. पण मध्ययुगात अवशेषाची किंमत तो दाखवण्यात होती. अवशेष असला की यात्रेकरू येत, दान येई, देवळाचा दर्जा वाढे. म्हणून बनावट अवशेषांचा सुळसुळाट झाला आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेला नियम करावा लागला: जुने अवशेष मंजुषेबाहेर उघडे दाखवायचे नाहीत, विकायला मांडायचे नाहीत आणि नव्याने सापडलेल्यांची पूजा पोपच्या मान्यतेशिवाय करायची नाही. छोट्या हाडालासुद्धा चर्मपत्राची चिठ्ठी बांधलेली असे. शतकभर कोणालाही न दाखवलेला, कोणी न पाहिलेला अवशेष त्या काळाच्या रीतीत बसत नाही. तो बसतो आजच्या थरारकथेत.

अठरा जहाजं आली कुठून?

जहाजांना मात्र एक खरा कागद आहे. जून १३०८ मध्ये प्वातिए इथे पोपसमोर झाँ द शालों नावाच्या एका टेम्प्लरने साक्ष दिली. त्याने सांगितलं की वरिष्ठांना अटकेची कुणकुण आधीच लागली होती. जेरार द व्हिलिए हा अधिकारी पन्नास घोडे घेऊन जाताना आपल्याला भेटला आणि तो अठरा गॅलींसह समुद्रावर गेल्याचं आपण ऐकलं. यूग द शालों हा दुसरा एक जण यूग द पेरो या वरिष्ठाचा सगळा खजिना घेऊन पळाला, हेही त्याने सांगितलं.

साक्ष नीट वाचा. घोडे त्याने पाहिले. जहाजं ऐकली. ला रोशेलचं नाव त्यात नाही. स्कॉटलंड नाही. अवशेष नाहीत. खजिना आणि जहाजं यांची नावंसुद्धा वेगवेगळ्या माणसांना चिकटवलेली आहेत. ला रोशेल ही नंतरच्या लेखकांची भर आहे, आणि ती का सुचली हेही उघड आहे: तिथे टेम्प्लरांचं ठाणं होतं, तिथून दारू जहाजांवर चढे.

आता गॅलीकडे बघू, कारण गोष्ट खरी बुडते ती इथे. गॅली म्हणजे वल्ह्यांवर चालणारं लांब, अरुंद, पाण्यालगत बसणारं जहाज. सिसिलीच्या आंजू राजाच्या १२७० च्या दशकातल्या गॅलींची मापं कागदोपत्री आहेत: लांबी सुमारे ४० मीटर, रुंदी पाच मीटरांहून कमी, वल्हेकरी १०८, सगळे मिळून माणसं दीडशेच्या घरात. माणशी दिवसाला फक्त दोन लिटर पिण्याचं पाणी धरलं तरी रोजचे ३०० लिटर झाले. कोलंबसला १४९२ मध्ये कॅनरी बेटांतल्या गोमेराहून पलीकडची जमीन दिसायला ३६ दिवस लागले. तेवढ्या दिवसांचं पाणी १०,८०० लिटर, म्हणजे जवळजवळ अकरा टन, पिंपांचं वजन वेगळं. उन्हात वल्ही मारणाऱ्याचं दोन लिटरांत भागत नाही. दुप्पट धरा, म्हणजे बावीस टन. ते ठेवायचं कुठे? गॅलीला पोट नसतं. म्हणूनच गॅल्या किनारा धरून चालत आणि दर थोड्या दिवसांनी पाणी भरायला बंदरात शिरत. कोलंबसची तीन शिडाची जहाजं मिळून माणसं नव्वदच्या आसपास होती, म्हणजे जहाजामागे तीस. हिशेब तिथे जमतो.

शिवाय वारा. कॅनरी बेटांच्या अक्षांशावर वारे पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात, ते कोलंबसच्या पाठीशी होते. स्कॉटलंडच्या अक्षांशावर बहुतेक काळ वारा पश्चिमेकडून, म्हणजे समोरून येतो. व्हायकिंग लोकांनी हा मार्ग जमवला तो आइसलंड, ग्रीनलंड असे मुक्काम करत आणि पिढ्यानपिढ्या. जाता जाता हेही सांगायला हवं की टेम्प्लरांची स्वतःची जहाजं होती, पण ती भूमध्य समुद्रात यात्रेकरू आणि माल वाहणारी. अटलांटिकवर त्यांचा अठरा गॅल्यांचा काफिला तयार उभा होता, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावरून दिसत नाही.

सिंक्लेअर घराण्याचा जबाब

स्कॉटलंडमधला टप्पा लवकर आटपतो. १३०९ मध्ये एडिनबराच्या होलीरूड मठात तिथल्या टेम्प्लरांची चौकशी झाली. उभे राहिले दोनच टेम्प्लर: वॉल्टर ऑफ क्लिफ्टन आणि विल्यम ऑफ मिडलटन. साक्षीदार चाळिसांहून जास्त. त्यांत रॉस्लिनचे हेन्री आणि विल्यम सिंक्लेअर होते, आणि त्यांनी साक्ष दिली ती टेम्प्लरांच्या विरुद्ध. गोष्टीप्रमाणे नेमकं याच वेळी या घराण्याच्या तळघरात टेम्प्लरांचा ठेवा असायला हवा.

या घराण्याचं रॉस्लिन चॅपल १४४६ मध्ये सुरू झालं. हेन्री सिंक्लेअरच्या नातवाने ते बांधलं. एका खिडकीभोवतीच्या कोरीव कामात मका दिसतो आणि मका तर अमेरिकेतला, म्हणजे आजोबा तिथे जाऊन आले असणार, असा युक्तिवाद केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेला ते साच्यातलं शोभेचं पानफुलांचं काम वाटतं. शिवाय एकोणिसाव्या शतकात तिथल्या कोरीव कामाची डागडुजी झाली आहे, त्यामुळे आज दिसणारी प्रत्येक कड पंधराव्या शतकातलीच असेल असं नाही. ओळखता येण्याजोग्या कणसाला टोकाचा तुरा हवा, कडेची पानं हवीत, दाण्यांच्या सरळ उभ्या ओळी हव्यात. हवं ते बघायचं ठरवलं की दगडात पुष्कळ काही दिसतं.

फाडून टाकलेली पत्रं

हेन्री सिंक्लेअर अटलांटिकपार गेला, या दाव्याचा सगळा भार एका पुस्तकावर आहे. ते व्हेनिसमध्ये १५५८ साली छापलं गेलं. लेखक निकोलो झेनो. त्याचं म्हणणं, आपल्या घराण्यातले निकोलो आणि अंतोनिओ हे भाऊ १३८० नंतर उत्तर अटलांटिकमध्ये गेले, तिथे फ्रिसलंड नावाच्या बेटावर झिख्म्नी नावाच्या राजपुत्राच्या चाकरीत राहिले आणि त्याच्याबरोबर पश्चिमेच्या देशांकडे निघाले. मूळ पत्रं कुठे आहेत? लेखक सांगतो, लहानपणी आपल्याला किंमत कळत नव्हती, आपण ती फाडून टाकली, उरलेल्या तुकड्यांवरून हे जुळवलं आहे. तलाठी कार्यालयाला आग लागून नेमका आपलाच फेरफार जळाला, अशातला हा प्रकार.

पुस्तकाबरोबर नकाशा होता आणि त्याने चांगलाच घोळ घातला. फ्रिसलंड बेट अस्तित्वातच नाही, पण मर्काटरने १५६९ च्या आपल्या जगप्रसिद्ध नकाशात ते घेतलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी ग्रीनलंडच्या दक्षिण टोकालाच फ्रिसलंड समजला. १८९८ मध्ये फ्रेडरिक लुकास या अभ्यासकाने हा नकाशा आधीच छापलेल्या नकाशांवरून, विशेषतः १५३९ च्या ओलाउस माग्नुसच्या नकाशावरून, उतरवल्याचं दाखवून दिलं. १९३३ मध्ये व्हेनिसच्या दफ्तरखान्यातले कागद पुढे आले. पुस्तकाप्रमाणे थोरला निकोलो उत्तरेतच आजारी पडून मेला. कागदांप्रमाणे तो १३९० ते १३९२ मध्ये ग्रीसमधल्या व्हेनिसच्या ठाण्यांवर अधिकारी होता, तिथल्या पैशांच्या अफरातफरीबद्दल १३९४ मध्ये त्याच्यावर व्हेनिसमध्ये खटला चालला आणि १४०० मध्ये त्याने मृत्युपत्र केलं.

असं पुस्तक कोणी का लिहावं? १५५८ पर्यंत कोलंबसला साठाहून जास्त वर्षं झाली होती, आणि कोलंबस होता जिनोव्हाचा. व्हेनिसचं आणि जिनोव्हाचं हाडवैर. एवढं कारण पुरतं.

बरं, या पुस्तकात सिंक्लेअर हे नावच नाही. झिख्म्नी म्हणजे सिंक्लेअर असावा हा अंदाज १७८४ मध्ये योहान राइनहोल्ड फोर्स्टर या जर्मन अभ्यासकाने केला, पुस्तक छापून सव्वादोनशे वर्षांनी. विसाव्या शतकात फ्रेडरिक पोल या अमेरिकी लेखकाने तर उतरल्याची तारीखच काढली: २ जून १३९८. ती कशी काढली हे बघण्यासारखं आहे. पुस्तकात ‘त्रिन’ नावाचं बंदर आहे आणि जून महिन्याचा उल्लेख आहे. पोलने धरलं की त्रिन म्हणजे ट्रिनिटी, म्हणजे ट्रिनिटी संडे या सणाच्या दिवशी जहाज लागलं असणार. तो सण १३९८ मध्ये २ जूनला पडत होता. झाली तारीख. पुस्तकात वर्ष १३९८ नाही, टेम्प्लर नाहीत, ग्रेल नाही. ग्रेल या गोष्टीत चढला तो १९८० च्या दशकात.

खऱ्या हेन्री सिंक्लेअरचे कागद मात्र आहेत. ऑर्कनी बेटं तेव्हा नॉर्वेच्या राजाची होती. १३७९ मध्ये राजाने त्याला तिथलं अर्लपद दिलं, त्या वेळी त्याने लिहून दिलेल्या अटी उपलब्ध आहेत. त्यांत राजाच्या परवानगीशिवाय बेटांवर किल्ला बांधणार नाही, अशी अट आहे. (कर्कवॉलला किल्ला बांधलाच त्याने, ते सोडा.) इतक्या बारीक कागदपत्रांत अडकलेल्या माणसाने समुद्रापार मोहीम काढली आणि तिचा एका पैशाचाही हिशेब कुठे उमटला नाही.

“मग तो बुरूज, तो दगड, तो काथ्या?”

अमेरिकेतले पुरावे म्हणून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात.

ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचा दगडी बुरूज टेम्प्लरांनी बांधला, असं म्हणतात. तिथला गव्हर्नर बेनेडिक्ट अर्नोल्ड याच्या १६७७ च्या मृत्युपत्रात ‘माझी दगडी पवनचक्की’ असा त्याचा उल्लेख आहे. १९४८-४९ च्या उत्खननात पायाखाली सतराव्या शतकातल्या वस्तू निघाल्या. चुन्याचं वयही सतराव्या शतकातलंच आलं. हा विषय इथे संपतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्डच्या खडकावर नाइटाची आकृती आहे, असा दुसरा दावा. १८७० च्या दशकातल्या वर्णनात तिथे स्थानिक आदिवासींनी कोरलेली एक ओबडधोबड आकृती म्हटली आहे. तिचा तलवार-ढालवाला नाइट झाला १९५४ मध्ये. खडकावर हिमनदीने ओढलेले नैसर्गिक ओरखडे आहेत, आणि खडूने त्यांतले हवे तेवढे जोडता येतात.

ओक आयलंडचा काथ्या मात्र खरोखर विचार करायला लावतो. बेटाच्या किनाऱ्यावर वाळूखाली नारळाच्या काथ्याचे धागे सापडले आणि कार्बन चाचणीत त्यांचं वय तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास आलं. नोव्हा स्कोशियात नारळ होत नाही. कोकणातल्या माणसाला लगेच पुढचा मुद्दा लक्षात येईल: तेव्हा अटलांटिकच्या कुठल्याच किनाऱ्यावर नारळ नव्हता. पोर्तुगीजांनी तो १४९८ नंतर हिंदी महासागरातून केप व्हर्दे बेटांवर नेला, तिथून तो कॅरिबियनला गेला.

पण कार्बन चाचणी नेमकं काय सांगते ते बघा. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेतं. मेलं की घेणं थांबतं, आणि त्यातला किरणोत्सारी भाग ठरावीक वेगाने घटत जातो. म्हणजे चाचणी सांगते नारळ कधी वाढला. दोर कधी वळला, जहाजावर कधी चढला, वाळूत कधी पडला, यातलं काहीच ती सांगत नाही. ते कळायला धागा न हललेल्या थरात सापडावा लागतो, वर-खाली वय ठरलेल्या वस्तूंसह. ओक आयलंडचा किनारा एकोणिसाव्या शतकापासून इतक्यांदा खणला आणि भरला गेला आहे की तिथे असा थर मिळणं कठीण. जुना काथ्या तिथे कसा आला हा प्रश्न शिल्लक राहतो, हे मान्य. पण त्या धाग्यावर टेम्प्लरांचं नाव कुठे आहे?

खजिन्याच्या प्रसिद्ध खड्ड्याबद्दल एवढंच. तो १७९५ मध्ये सापडला असं सांगतात, पण छापील वर्णनं १८५० नंतरची. बेटाखाली चुनखडी आणि जिप्सम आहे. हे खडक पाण्यात विरघळतात, आत पोकळ्या होतात, जमीन खचते आणि समुद्राचं पाणी आत शिरतं. खणणाऱ्यांवर पाणी सोडतात म्हणून सांगितले जाणारे ‘सापळ्याचे बोगदे’ समजावून सांगायला हे भूगर्भशास्त्र पुरतं. १९६५ मध्ये याच शोधापायी विषारी वायूने एका दिवसात चार माणसं गेली.

आणखी एक गोष्ट खटकते. नोव्हा स्कोशिया हा मिकमाक लोकांचा प्रदेश. त्यांच्या परंपरेत ग्लूस्कॅप हा संस्कृती शिकवणारा वीर आहे. पोलने तो म्हणजे सिंक्लेअरच, असं ठरवून टाकलं. ज्यांची भूमी, त्यांच्या देवादिकांनासुद्धा युरोपातून आणून बसवायचं, ही सवय जुनी आहे.

“पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही, असं कसं?”

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर द्यायला एक चांगलं उदाहरण हाताशी आहे. व्हायकिंग लोक अमेरिकेत पोचले, हेही शेकडो वर्षं फक्त आइसलंडच्या गाथांत होतं. १९६० मध्ये हेल्गे इंगस्टाड आणि आन स्टीन इंगस्टाड या नॉर्वेजियन दांपत्याला न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला लांस ओ मेडोज इथे हिरवळीखालचे घरांचे पाये सापडले. उत्खननात काय निघालं? काशाची कडीवाली टाचणी, सूत कातायच्या चातीची दगडी चकती, होडीचे लोखंडी खिळे, आणि लोखंड गाळल्यावर उरणारी मळी. यांत सोन्याचा कण नाही. माणसं राहतात तिथे हाच कचरा पडतो.

तिथल्या लाकडाच्या तीन तुकड्यांवर २०२१ मध्ये जे काम झालं ते तर नमुनेदार आहे. ९९३ मध्ये सूर्यावरच्या प्रचंड वादळामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला होता, आणि त्या वर्षीच्या वाढीच्या वलयात ही खूण जगभरच्या झाडांत दिसते. तिन्ही तुकड्यांत ते वलय ओळखलं, तिथून सालीपर्यंत वलयं मोजली. अठ्ठावीस. म्हणजे तिन्ही झाडं १०२१ मध्ये तोडली गेली, आणि तोडल्याच्या खुणा धातूच्या पात्याच्या आहेत. थोड्या काळासाठी उतरलेली माणसं हजार वर्षांनी वर्षासकट सापडतात. अठरा जहाजांची माणसं एक खिळाही न टाकता परत जातील?

“पण टेम्प्लरांचा क्रॉस समुद्रापार गेलाच होता!”

हो, गेला होता, आणि तो आपल्या दारापर्यंत आला. पोर्तुगालचा राजा दिनीश याने टेम्प्लरांची मालमत्ता हॉस्पिटलरांना जाऊ दिली नाही. पोपशी बोलणी करून त्याने १३१९ मध्ये ऑर्डर ऑफ ख्राइस्ट हा नवा संघ काढला आणि टेम्प्लरांच्या जमिनी, किल्ले, बरीचशी माणसंही त्यात आणली. तोमार शहरातलं त्यांचं जुनं ठाणं याच संघाचं मुख्यालय झालं. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री, ज्याला आपण ‘हेन्री द नॅव्हिगेटर’ म्हणून शाळेत वाचतो, तो या संघाचा प्रशासक झाला, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमांना संघाचं उत्पन्न लागलं. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रॉस तो याच संघाचा. १४५६ मध्ये पोपने नव्या मुलखांतला धार्मिक अधिकारही संघाला दिला, त्यामुळे १५१० मध्ये गोवा घेतल्यावर १५१४ मध्ये मदेइरा बेटावरच्या फुंशालचं बिशपपीठ होईपर्यंत इथला चर्चचा कारभार कागदोपत्री तोमारकडे होता. गंमत म्हणजे १४९८ मध्ये कालिकतला उतरलेला वास्को द गामा स्वतः तेव्हा सांतियागो या वेगळ्या संघाचा होता, ऑर्डर ऑफ ख्राइस्टमध्ये तो नंतर आला.

इथे सगळे फेरफार मंजूर आहेत. पोपचे आदेश, राजाची पत्रं, जमिनींच्या याद्या. पण या वारशात काय आलं? उत्पन्न, किल्ले, क्रॉसचं चिन्ह. गुप्त अवशेषांचं प्रकरण त्यात बसवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर ही हकीकत ग्रेलपेक्षा कितीतरी जास्त उलथापालथ करणारी आहे.

अवशेष खरंच समुद्रापार जातो तेव्हा

जुन्या गोव्यात होली हिलवर सेंट ऑगस्टीन चर्चचे भग्नावशेष आहेत, तो अर्धा उभा राहिलेला ४६ मीटरांचा मनोरा. या चर्चमध्ये जॉर्जियाच्या राणी केतेवानचं हाड ठेवलं होतं. इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलायला नकार दिल्याबद्दल १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून तिला मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गुपचूप अवशेष काढले आणि १६२७ मध्ये त्यांतला काही भाग गोव्याला आणला.

गुपचूप हा शब्द महत्त्वाचा आहे. ही खरोखरची लपवाछपवी होती, जीवावरची. तरीही कागद झाले: धर्मगुरूंची पत्रं, अहवाल, आणि अवशेष कुठे ठेवला याची नेमकी नोंद, चॅप्टर चॅपलच्या दुसऱ्या खिडकीतली दगडी पेटी. लिस्बनच्या ग्रासा मठात तर या राणीच्या हौतात्म्याचं चित्र निळ्या फरशांवर आहे.

पुढे १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, सगळं ढिगाऱ्याखाली गेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथकं आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी नोंदीतली ती खिडकी शोधायला घेतली. चॅपल कुठलं, खिडक्या मोजायच्या कुठल्या बाजूने, यातच कितीतरी काळ गेला. शेवटी पेटीचे तुकडे आणि हाडं मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यांतल्या एका हाडाच्या आईकडून येणाऱ्या डीएनएची तपासणी केली. त्यात यू१बी हा गट मिळाला, जो भारतात आढळत नाही आणि जॉर्जियात व आसपास आढळतो.

इतकं जुळूनही शास्त्रज्ञांनी लिहिलं काय? हाड राणी केतेवानचं असण्याची शक्यता दिसते. खात्री आहे, असं नाही. हा डीएनए वंशाचा पट्टा सांगतो, माणसाचं नाव सांगत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये भारताने अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. नवा फेरफार, तारखेसह.

ओक आयलंडवर काय सापडलं तर मत बदलेल?

सुटी वस्तू चालणार नाही. जुनं नाणं, शिशाचा क्रॉस, खंजीर या गोष्टी संग्राहकाच्या खिशातून, खलाशाच्या पेटीतून, किंवा प्रेक्षकसंख्येची काळजी असलेल्या कोणाच्या हातून कुठेही पडू शकतात. हवा तो न हललेला थर, आणि त्यात चौदाव्या शतकातली स्कॉटिश खापरं, खिळे, लोखंडाची मळी, चुलीची राख, सगळं एकत्र. किंवा जमिनीऐवजी दफ्तरात: ऑर्कनी, नॉर्वे वा स्कॉटलंडच्या जमाखर्चात १३९० च्या दशकातली जहाजाच्या दोरखंडाची, बिस्किटांची, खलाशांच्या पगाराची एक नोंद. ती शोधायला ड्रिल लागत नाही, लॅटिन आणि जुनी स्कॅन्डिनेव्हियन भाषा वाचता यावी लागते. टीव्हीवर मात्र ते फारसं चांगलं दिसत नाही.